शामलाबाईंच्या नावाची ओळ

सन्माननीय अध्यक्ष भैय्याजी, व्यासपीठावरील ज्येष्ठ मंडळी, आजचे सत्कारमूर्ती देवराव बोरकुटे, प्रेमिलावहिनी आणि आपल्या दैनिकाच्या परिवारातील बंधुभगिनींनो,

देवरावांनी मला सकाळीच बजावलं, "अरुंधतीबाई, माहं कवतिक नका करू." पण तीस वर्षं आपला कात्रण विभाग सांभाळणाऱ्या माणसाबद्दल गप्प बसायचं तरी कसं?

१९८३ साली रविवार पुरवणीत मी विदर्भातल्या जुन्या गाण्यांवर लेखमाला लिहीत होते. संगीतकार रामाजी मास्तरांच्या एका गाजलेल्या तबकडीवर गायिकेचं नावच नव्हतं. 'आवाज मुंबईच्या कुणा कलावतीचा असावा,' असं मी ठोकून दिलं. चौथ्या दिवशी भिवापूरहून पन्नाशीच्या एक बाई कार्यालयात आल्या. नाव शामलाबाई. म्हणाल्या, "बाई, थे गाणं मी म्हटलं होतं."

"पुरावा आहे का?" मी विचारलं. आजही ते आठवलं की मान खाली जाते.

"मास्तर गेले. आता कोणाले विचारू?" असं म्हणून त्या उठल्या. दारात देवराव उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "बसा माय, चहा घ्या. मले दोन दिवस द्या," ते म्हणाले.

मास्तरांची १९६२ सालची मुलाखत आपल्याच अंकात होती. त्यात शामलाबाईंचा उल्लेख नव्हता. पण देवरावांनी त्या मुलाखतीची हस्तलिखित प्रतही जपली होती. तिच्यात याच गाण्याबद्दलची, तांबड्या पेन्सिलीनं खोडलेली एक ओळ सापडली: 'हे गाणं भिवापूरच्या शामलानं गायलं. असा आवाज मला पुन्हा मिळाला नाही.'

जागा पुरत नाही म्हणून कापलेली ओळ!

"वीस वर्षांपूर्वीचं आता कशाला उकरता?" तेव्हाचे संपादक म्हणाले. कधी त्यांच्या खोलीत पाऊल न टाकणारे देवराव त्या दिवशी टेबलासमोर उभे राहिले. "साहेब, कापलं आपण, तर छापू बी आपणच."

ती ओळ छापली. खाली माझी माफीही.

अंक घेऊन आम्ही दोघं एसटीनं भिवापूरला गेलो. शामलाबाई अंगणात मिरच्यांचे देठ खुडत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून देवरावांनी वाचून दाखवलं. सून चकित झाली. "आई, तुम्ही गात होत्या? सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं वं. कोणी खरं मानलं नाही. मंग मलेच वाटाले लागलं, सपन पडलं असन." मग देवरावांकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "मास्तर खरंच असं बोलले? अजून एकडाव वाचा गा, भाऊ."

देवरावांनी ती ओळ पाच वेळा वाचली. सहाव्यांदा त्यांना वाचवेना. मग मी वाचली.

प्रेमिलावहिनी, असा माणूस इतकी वर्षं तुम्ही आम्हाला दिलात, तुमचे आभार कसे मानू? अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण मन लावून ऐकलंत, मी ऋणी आहे. जिव्हाळ्याच्या भरात एखादा शब्द उणा-अधिक गेला असेल, तर तो आपलेपणानं पोटात घालावा. नमस्कार.