वर्षअखेरचा पेशंट

— नाही नाही, तुम्ही बोलू नका. नुसती मान हलवलीत तरी समजतं मला. कापूस घट्ट दाबून धरायचा, अर्धा तास बोलायचं नाही, थुंकायचं नाही — सगळं ऐकलं मी, मध्ये नुसतं प्लायवूड आहे. तर काय सांगत होतो — हां, ते यंत्र. काचेपलीकडे दिसतंय ना, पांढरं, उंच, वरून आडवा हात आलेलं? त्याच्या मध्ये माणसाला उभं करतात आणि तो हात त्याच्या डोक्याभोवती फिरतो, सावकाश, आणि अख्ख्या जबड्याचा फोटो काढतो — दात, मुळं, हाड, सगळं. मीच घ्यायला लावलं ते डॉक्टरीणबाईंना. मी म्हणजे — मी तिचा अकौंटंट. आणि बाप. एरवी आधी बाप आणि मग अकौंटंट, पण मार्चच्या या शेवटच्या आठवड्यात, हिशोबाचं वर्ष संपताना, ते उलटं होतं.

तुमचा काही धंदा आहे? नोकरी? — नोकरी. सुटलात. मी छोट्या धंदेवाल्यांचे हिशोब बघतो. एक बेकरीवाला, एक शिंपी, दोन गॅरेजवाले, आणि दातांचे डॉक्टर म्हणाल तर गावातले झाडून सगळे, कारण मुलगी कॉलेजात होती तेव्हा तिच्या वर्गातल्या प्रत्येकाला ही सांगत सुटली — माझ्या बाबांकडे जा. ही सगळी माणसं वर्षभर माझा फोन उचलत नाहीत आणि शेवटच्या आठवड्यात एकदम जिवाभावाची होतात. पिशव्या घेऊन येतात. पिशवीत बिलं कोंबलेली. एका डॉक्टरांच्या पिशवीतून तर कवळी निघाली — कोणाची, ते त्यांनाही आठवेना, उगीच माझ्या टेबलावर आठवडाभर हसत पडली होती. आणि सगळ्यांचं पालुपद एकच — कर कमी करा. अहो, मी काय जादूगार आहे? पण एक करता येतं. यंत्र घ्यायचंच असेल तर वर्ष संपायच्या आत घ्या. यंत्र झिजतं, जुनं होतं, त्या झिजेपोटी काही रक्कम खर्चात धरता येते, घसारा म्हणतो आम्ही, तेवढा कर वाचतो — कायद्यात बसून, लपवाछपवी नाही. अट एकच. नुसतं विकत घेऊन भागत नाही. वर्ष संपायच्या आत ते वापरात यायला लागतं.

आणि इथेच लोक माती खातात. आमच्या बेकरीवाल्याने अगदी शेवटच्या दिवशी नवी भट्टी आणली, बिल माझ्याकडे दिलं, आणि भट्टी मागच्या खोलीत तशीच ठेवून दिली. पुढे तपासणी आली. करखात्याचे साहेब थेट आत गेले, भट्टीच्या दारावर जे पातळ प्लास्टिक चिकटवलेलं असतं ना, त्याचं टोक नखाने उचललं आणि सोलत गेले, सावकाश, वरपासून खालपर्यंत. तो चर्र आवाज! माझी पाचावर धारण बसली. बेकरीवाला छताकडे बघतोय, मी जमिनीकडे. त्या दिवसापासून माझा नियम — खोकं फोडा, चालू करा, एक पाव भाजा, तो विका, बिल फाडा आणि मग घरी जा. गॅरेजवाल्याची गाडी उचलायची लिफ्ट आली तेव्हा गिऱ्हाईक मिळेना, तर त्याने बायकोची स्कूटर चढवली वर आणि तिच्या नावाने बिल फाडलं. तिने ते अजून भरलेलं नाही.

तर म्हणून आलोय मी. आज वर्षाचा शेवटचा दिवस, हिचं यंत्र नवंकोरं, कोणावर तरी चालवायला हवं — मग बापावर चालव. सोपं आहे. त्यात काय एवढं.

गुडघा? हा हलतोय तो? हलू दे. घाबरतो मी, खोटं कशाला बोला. पहिल्यापासूनच घाबरट, आणि आमच्या धंद्यात तो गुणच धरतात — ज्याला झोप लागते असा अकौंटंट नेमू नये. पण ती आतली खुर्ची म्हणजे — छे. दातांच्या डॉक्टरचा बाप, आणि आजवर तिच्या खुर्चीत बसलेलो नाही. शिकत होती तेव्हा सारखी मागे लागायची, बाबा, या ना, मला सरावाला तोंड हवंय. आईला न्यायची, मामाला न्यायची, शेजारच्या काकूंना तर चार वेळा नेलं तिने. मी म्हणायचो, वर्षअखेर आहे गं. माझी वर्षअखेर बाराही महिने चालायची. ती बिचारी मानायची. यंत्राचं तसं काही भय नाही म्हणा. आवाजसुद्धा फार नाही, काल त्या पोस्टातल्या बाईंचा फोटो काढला तेव्हा मी इथेच बसलो होतो, नुसतं घूंऽ — पंखा बिघडल्यावर करतो ना, तेवढंच. बाई तर बाहेर येऊन विचारतात, झालं?

काय झालं? असे का बघताय?

काल म्हणालो का मी? — काल म्हणालो. हं. तोंड बंद ठेवलेली माणसं फार नीट ऐकतात बुवा. हो, काल. यंत्र कालच वापरात आलं. पोस्टातल्या बाईंचं बिल फाटलं, त्याची प्रत मी स्वतः फाइलला लावली. कराचं काम कालच संपलं. आज मी इथे येऊन बसायचं — कराच्या दृष्टीने — काहीच कारण नाही.

तुमचा ओठ बधिर असेल ना आत्ता? खालचा, दाढ काढली त्या बाजूचा? केवढा तरी सुजलाय असं वाटतं, आणि बोट लावलं तर दुसऱ्या कोणाचातरी. तुमचा संध्याकाळपर्यंत उतरेल. माझाही तसाच आहे. इथे, डावीकडे, खालचा ओठ आणि ही अर्धी हनुवटी. मला इंजेक्शन दिलेलं नाही कोणी.

तुम्ही अनोळखी आहात म्हणून बोलतोय, आणि बोलू शकत नाही म्हणून. घरी कोणाला माहीत नाही. दाढी करताना कापलं तर मला बनियनवर डाग पडल्यावर कळतं. चहा ओघळतो. बायको म्हणते, गळ्याला रुमाल बांधत जा आता, म्हातारे झालात — आणि मी तिच्याबरोबर हसतो, काय करणार? आतून जीभ फिरवली की हाडाला फुगवटा लागतो. दुखत नाही. दुखत असता तर बरं झालं असतं, दुखणाऱ्याला नाव असतं, दाढ म्हणता आलं असतं. आधी वाटाण्याएवढा होता, आता द्राक्षाएवढा झालाय. दिवसभर जीभ तिथेच, कोणाच्या हिशोबाची बेरीज मांडली की तिथे, फोनवर बोलतोय की तिथे. झोपेत तरी विसरावं, तर स्वप्नातही मी माझा जबडाच चाचपत असतो.

थंडी पडायला लागली तेव्हापासून. म्हटलं, जाईल आपोआप. मग म्हटलं, शिंप्याच्या नोटिशीला उत्तर देऊन टाकू, मग बघू. मग गॅरेजवाल्यांचं. मग म्हटलं, आता एवढं थांबलोच आहे तर वर्षअखेर होऊन जाऊ दे, हिचंही यंत्र तोवर येईल. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो होतो की! नाही असं नाही. जीव मुठीत धरून त्याच्या दारापर्यंत गेलो, त्याने मला बघितलं, अरे वा वा या या, हाताला धरून केबिनमध्ये नेलं — मला वाटलं, सुटलो, आता हा विचारेल काय होतंय — तर त्याने टेबलाखालून पिशवी काढली. बिलांची. तासभर त्याचे हिशोब लावून दिले आणि परत आलो. सांगतो काय, गावातला प्रत्येक दातांचा डॉक्टर माझा क्लायंट आहे, मी दारात दिसलो की त्यांना बिलंच आठवतात. माझ्या तोंडात कोण बघणार?

आणि आज दुपारी शेवटची फाइल बंद झाली. टेबल रिकामं. इतक्या वर्षांत मी ते लाकूड बघितलं नव्हतं हो, किती ओरखडे आहेत त्याच्यावर. आता काही सबब उरली नाही, म्हणून भीती अशी उठली की मी टेबलाची कड धरून बसलो. नुसता बसलो. सगळं जग धूसर.

लोकांना मी काय झापतो ठाऊक आहे? आधी का नाही आलात? सहा महिन्यांपूर्वी आला असतात तर काहीतरी करता आलं असतं, आता शेवटच्या दिवशी मी फक्त आकडे भरू शकतो, बदलू शकत नाही. एवढं मोठ्याने झापतो की बाहेर बसलेल्यांनाही ऐकू जातं. बेकरीवाला तर रडला होता एकदा. आणि आता हे माझंच मला — दुसरं कोणी नको झापायला. आणि ती तर झापणारही नाही. नुसतं विचारेल — बाबा, कधीपासून?

तिला खोटं सांगून आलोय. तिला आधी कराचंच कारण दिलं होतं, तर म्हणाली, बाबा, मी विनाकारण कोणाचाही एक्स-रे काढत नाही, माणूस म्हणजे काय तुमच्या बेकरीवाल्याचा पाव आहे? बाणेदार आहे. माझ्यावर नाही गेली. मग म्हटलं, वरची दाढ ठणकते, उजवीकडची. ती ठणठणीत आहे. हे सगळं डावीकडे, खाली. का सांगितलं उजवीकडचं, ते विचारू नका. वाटलं, उजवीकडेच बघेल, काही नाही म्हणेल, आणि मी ते ‘काही नाही’ घेऊन घरी जाईन. पण ते यंत्र काही एक बाजू सोडून फिरत नाही. मलाच ठाऊक आहे की, माहितीपत्रकं मीच वाचली सगळी.

आणि आधी तिला दिसणार. मी मान अडकवून भिंतीकडे तोंड करून उभा, आणि माझ्या पाठीमागे पडद्यावर ते चित्र, आणि ते बघायला ती एकटी. तिच्या बापाचं हाड. तिला किंचाळताही यायचं नाही, बाहेर पेशंट बसलेले. तेवढ्या एका क्षणाचं मला भय वाटतं, मरणाचं नाही — नाही, खोटं. मरणाचंही वाटतं. फार वाटतं. हातपाय गार पडतात. बघा, हात लावून बघा.

ऐका, माझं एक काम कराल? ती बाहेर आली की सांगा, त्यांना फोन आला, कोणाचीतरी पिशवी राहिलीय, गेले. बोलायचं नाही तुम्हाला, हो — मग खुणा करा, कानाला असा हात लावून दाखवा, समजेल तिला, माझी सवयच आहे ती. उद्यापासून नवं वर्ष सुरू होतंय, निवांत येईन, आज काय एवढं — बाही सोडा. अहो, बाही सोडा माझी. तुम्ही कोण माझे? तुमची दाढ काढून झाली, तुम्ही घरी जाऊन झोपा. सोडा म्हणतो ना — आणि उठलात कुठे? कापूस! अहो, कापूस धरा तोंडात! तिकडे नका जाऊ, दार वाजवू नका, ती आत — अहो भाऊ, पाया पडतो तुमच्या —

काही नाही गं ठकू. काही नाही. यांना जरा — नाही, रक्त नाही येत त्यांना, बरे आहेत ते. मी कुठे ओरडलो? गुडघ्याला मुंग्या आल्या होत्या. हो, पुढचा मीच. पोस्टातल्या बाईंसारखं मलाही — हो, येतो. येतो ना.

थांब. खुर्चीवरचा दिवा नको लावू. उजवी दाढ नाही गं. दाढ नाहीच. तू हात आण इकडे — ग्लोव्ह असू दे — इथे. हनुवटीवर, डावीकडे. हां. आता दाब जोरात.

दाबलंस?

— थंडीपासून. हो. थंडीपासून गं, सांगणार होतो, वर्षअखेर म्हणून — ठकू. अशी बघू नकोस. हात अजून तिथेच आहे का तुझा? मला कळत नाही, म्हणून विचारतो. बस. इथे बस, माझ्या शेजारी बस जरा.

तुम्ही जा हो आता, भाऊ. दार ओढून घ्या.