मामांना नदी दाखवली

आमच्या हिचे मामा सोलापूरहून आले आणि त्यांना पेठा दाखवायचं माझ्या गळ्यात पडलं. पेठांत गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे देव भेटल्यासारखं, म्हणून मी हिची स्कूटर नदीपात्रातल्या रस्त्यावर लावली. मग नारायण पेठ, सदाशिव पेठ, मंडई, सगळं पायी. मामांचं मात्र एकच, "जावईबापू, नदी कुठंय?"

"मामा, गाडी लावली ना, तीच नदी."

"आणि पाणी?"

"परत जाताना दाखवतो की!"

परतलो, तर धरणातून पाणी सोडलेलं. रस्ता गायब आणि स्कूटरचे फक्त आरसे वर. काठावरच्या गॅलरीतून एक आजोबा म्हणाले, "तुमची का ती?"

"हो."

"विसर्जनाला अजून वेळ होता. उगाच घाई केलीत."

मामा निवांत कठड्यावर बसले. मंडईतला पेरू फोडून मला अर्धा दिला आणि म्हणाले, "शब्दाचे पक्के आहात बरं का, जावईबापू."

तेवढ्यात हिचा फोन. "मामांना नदी दाखवलीस का?"

"दाखवली. खूश आहेत. तूही ये बघायला. आणि येताना दोर आण."