विष्णुपंतांची गिरणी

कादर : पाट? पंत, धुलाईच्या मशिनीखाली जेवायचे पाट घातले तुमी?

विष्णुपंत : चार पायांना चार. आवाज दाबायला. आणि हळू बोल कादर, ही पलीकडच्या खोलीत झोपलीय.

कादर : अवो, माडीची जमीन फळ्यांची, खाली पोकळ, वर ह्ये पाट. मशीन कुठं ऱ्हायली, डग्गा झाला तिचा! कोपऱ्यावर सायकलवरनं उतरलो तवाच ऐकलं. म्हनलं, पंतांनी म्हसरं माडीवर चढवली काय?

विष्णुपंत : कोपऱ्यावर ऐकू येतं?

कादर : झक्क. क्यांपातल्या साहेबाकडं दुरुस्तीच्या कामाला जायचो, हीच मशीन बघितलीय मी. तवा अशी न्हाई बोंबलायची.

विष्णुपंत : साहेब विलायतेला गेला, सामानाचा लिलाव झाला, तेव्हा घेतली. पोत्यात गुंडाळून आणली.

कादर : दांडा फिरवा बरं जरा. थांबा, थांबा. आत काय घातलंय?

विष्णुपंत : कपडे.

कादर : कसले?

विष्णुपंत : कपडे म्हणजे... लुगडं. दोन लुगडी.

कादर : नऊवारी! म्हंजे अठरा वार कापड! पंत, ही साहेबाच्या शर्टासाठी केलेली मशीन. लुगडं एका अंगाला गोळा हुतं, आन् धाड्‌दिशी आपटतं. वहिनीबाई एकदम दोन दोन घालत्यात व्हय?

विष्णुपंत : ती नाही घालत.

कादर : मग?

विष्णुपंत : तिचे सांधे धरलेत रे. बोटं मिटत नाहीत. धुणंवाली रंगुबाई बेलापूरला लेकीकडे गेली ती गेलीच. दुसरी कुणी मिळेना.

कादर : म्हंजे तुमी?

विष्णुपंत : हळू!

कादर : तरीच अंगात कोट अन् डोक्यावर टोपी!

विष्णुपंत : कुणी जिन्यात आलं तर कचेरीत निघालोय असं दाखवता येतं. हसू नकोस. गेल्या आठवड्यात उघड्या अंगानं धुताना जानवं त्या पिळायच्या रुळांत सापडलं. गाल मशिनीला टेकलेला, पाऊण तास तसाच. हाक कुणाला मारू? खालून सहादेव शिंपी विचारतोय, पंत, कण्हता का? म्हटलं, प्राणायाम चाललाय.

कादर : या अल्ला! आन् ह्या खडखडाटाला काय नाव ठिवलं?

विष्णुपंत : गिरणी म्हणालो. हातगिरणी आणलीय, दळतो.

कादर : रेशनच्या दिसांत? लोक शेरभर जोंधळ्यासाठी रांगेत हुबे, आन् तुमी तास तास दळता?

विष्णुपंत : तोंडाला आलं ते बोललो! आता कुणीतरी अर्ज केलाय. उद्या सकाळी रेशनिंगचा इन्स्पेक्टर येणार, लपवलेलं धान्य शोधायला. मी सरकारी कारकून. नोकरी जाईल माझी. म्हणून तुला बोलावलं. काहीही कर, आवाज बंद कर.

कादर : सोपं हाय. पाट काढायचे. वाळूच्या गोण्या, त्यावर टायरचे तुकडे. दात्यांना ग्रीस. लुगडं एकच, घडी घालून, आन् दांडा सावकाश. आनलंय समदं. धरा हिकडून. हां... अजून थोडं... सोडा. फिरवा आता.

विष्णुपंत : अरे! काहीच नाही!

कादर : उंदीर पळाला तर जास्ती वाजंल.

विष्णुपंत : सुटलो रे बाबा!

कादर : पर पंत, एक इचारू? अर्जात गिरणी लिवली असंल. उद्या इन्स्पेक्टर इथं उभा ऱ्हानार, आवाज न्हाई, गिरणी न्हाई. तो म्हननार, रातोरात हलवली. कुठं हलवली, सांगा.

विष्णुपंत : ...मग गोण्या काढ.

कादर : घालू का काढू?

अंबिका : असू द्या कादरभाई. घालून ठेवा.

विष्णुपंत : अगं, तू उठलीस कशाला?

अंबिका : झोपले कधी होते? फळीची भिंत आहे. उद्या मी सांगते त्या माणसाला. म्हणावं, धुण्याचं यंत्र आहे, मी धुते.

विष्णुपंत : तुझे हात बघून कोण खरं मानेल?

अंबिका : पदराखाली घेईन. या घरात आता झाकायची सवयच झालीय. मला एवढंच सांगा, लाज आवाजाची वाटते का माझ्या लुगड्यांची?

विष्णुपंत : तसं नाही गं.

अंबिका : मग कसं?

कादर : वहिनीबाई, मी खाली सायकल बघून येतो.

विष्णुपंत : थांब कादर. जाऊ नकोस. खरं सांगू का? लोक हसतील म्हणून भ्यालो. आणि तू पलीकडे जागी पडून हे सगळं ऐकतेस, हे एकदासुद्धा मनात आलं नाही माझ्या. त्याची आता जास्त लाज वाटतेय.

आक्काबाई : (शेजारीण, जिन्यातून) विष्णुपंत, आहात का घरात? दोन शेर बाजरी आणलीय. आमचं जातं फुटलं. तुमच्या दळणावर तेवढी घ्या, कुणाला सांगायची नाही मी.

कादर : घ्या. आलं गिऱ्हाईक.

विष्णुपंत : आक्काबाई, वर या. डबा खालीच ठेवा.

आक्काबाई : का हो? गिरणी बिघडली का काय?

विष्णुपंत : गिरणी नाहीच. मी खोटं बोललो. हे धुण्याचं यंत्र आहे. हिची लुगडी धुतो मी.

आक्काबाई : तुम्ही? स्वतः?

विष्णुपंत : मी. उद्या इन्स्पेक्टर आला की त्यालाही हेच सांगणार आहे. तुम्हीही सांगा, आळीत कुणी विचारलं तर.

आक्काबाई : अगं बाई! आणि आम्ही समजत होतो... किती दिवस चाललंय हे?

विष्णुपंत : असतील सहा महिने.

अंबिका : सात.