ठिपक्यांची रोपं

(श्रावण, १९६२. पनवेलजवळच्या बेलपाड्यात भाताच्या बांधावर बळीराम, त्याची बायको सत्यवती आणि पनवेलची मिल्का. मिल्का मुंबईच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, सुट्टीला घरी आली आहे.)

बळीराम : …ठिपका दिसला का रोप उपटला. रोज सकाळी हाच धंदा. तरी करपा आलाच, मिल्काबाय!

मिल्का : ते ठिपके असेच होते? मधे राखाडी, टोकांना निमुळते?

बळीराम : नाय, हे आता आले. ते बारीक व्हते. तपकिरी, टाचणीच्या डोक्याएवढे.

मिल्का : अरे देवा!

बळीराम : काय झाला?

मिल्का : बळीरामदादा, वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना? तसंच काहीसं. बुरशी पानात शिरली की काही रोपं पानाचा तेवढा कण आपणच मारून टाकतात आणि भोवती एक रस तयार करतात. बुरशीला ते विषच. पानात आधीपासून नसतं, रोग शिरला की मगच बनतं. बारीक तपकिरी ठिपका म्हणजे रोग तिथंच अडला.

बळीराम : म्हंजे ती रोपा चांगली व्हती?

मिल्का : तीच चांगली होती. हिरवीगार म्हणून तुम्ही ठेवलीत, त्यांना काही करताच आलं नाही. आता बघताय ना.

बळीराम : सत्यवतीच्या आयेचा बियाना हा. खाडीचा बांध फुटला, म्हायेरची शेती खारी झाली, वाचला तो एवढाच. डोळ्यांत तेल घालून जपला, आन चांगला तेवढा मीच काढून टाकला!

मिल्का : उपटलेल्या रोपांचं काय केलंत?

बळीराम : म्हशीला. हिच्याकडंच द्यायचो. सत्यवती, तू का गप?

सत्यवती : तुमी ओरडाल.

बळीराम : आता कुठल्या तोंडानं ओरडू?

सत्यवती : म्हशीला नाय घातली. मन झाला नाय. तलावाच्या कडेला लावली, रोज थोडी थोडी.

मिल्का : जगली, वहिनी?

सत्यवती : जगली. ठिपके हायेत तेवढेच हायेत. रोपा मात्र वाढली.

मिल्का : मग बी त्यांचंच धरा.

बळीराम : एवढे दिवस बोलली का नाय?

सत्यवती : तुमी एवढ्या मायेनं उपटत व्हता. काय बोलू?

बळीराम : …चल, दाखव. तलावावर ढोरा येतात. कुंपन घालाया पायजे.