एका वेळेला दोन हजार

दिनांक १६ जुलै २००७, सोमवार, दुपारी चार वाजता.

मी, सईबाई माधवराव ढमाले, वय ५१ वर्षे, धंदा खाणावळ, शिक्षण तिसरी, राहणार आवडी, चेन्नई, स्वतः ठाण्यात येऊन सांगते. तमिळ मला बोलता येते, वाचता येत नाही. जे वाचता येत नाही त्याच्यावर मी सही करत नाही. म्हणून तंजावरकडचे हेड कॉन्स्टेबल राणोजीराव माझे म्हणणे मराठीत लिहून घेत आहेत.

माझे यजमान कारखान्यात होते. ते गेल्यावर बावीस वर्षे मी खाणावळ चालवते. सकाळ-रात्र मिळून दोन वेळा, प्रत्येक वेळेला एकशे चाळीस माणूस जेवते. धाकटे दीर उमाकांत निम्मे भागीदार आहेत. कनका आठ वर्षे माझ्या हाताखाली आहे. आज सकाळी दहापासून ती बाहेरच्या बाकावर बसलेली आहे, कारण उमाकांतनी तिच्यावर चोरीचा अर्ज दिला आहे.

मार्च महिन्यात उमाकांतनी वरच्या खोलीत कॉम्प्युटर आणला. त्यात एक प्रोग्राम आहे. डाळ, तेल, तांदूळ किती उरले हे त्याला रोज सांगायचे, मग तो आपल्या आपण घाऊक दुकानाच्या कॉम्प्युटरला ऑर्डर पाठवतो. कोणाला बटण दाबावे लागत नाही. भाव चढणार असे दिसले तर तो आधीच माल घेऊन ठेवतो. उमाकांत रोज खोली उघडतात तेव्हा उरलेला माल कनका सांगते, म्हणून बसवतानाच ऑर्डरीवर तिचे नाव घातले आहे. ती ऑर्डर पाठवत नाही.

प्रोग्राम बसवणारा दर्शन हा मुलगा तंजावरी मराठी आहे. त्याने मला विचारले, "अक्का, ह्याला खर्चाची हद्द किती घालू?" मी म्हटले, "एका वेळेला दोन हजार. त्याच्या वर एक पैसा नाही." त्याने वहीत लिहून घेतले. तिथे उमाकांत, कनका आणि मी, एवढी माणसे हजर होती.

परवा शनिवारी घाऊक दुकानाने सोमवारपासून तूरडाळ आणि तेल महाग होणार असे कॉम्प्युटरवर कळवले. त्या दिवशी सकाळी दहापासून पावणेचारपर्यंत प्रोग्रामने दर पंधरा मिनिटांनी एक, अशा चोवीस ऑर्डरी पाठवल्या. रविवारी सकाळी लॉरी दारात आली. डाळीच्या गोण्या पायरीपासून जिन्यापर्यंत लागल्या. जेवायला आलेली माणसे गोण्यांवर बसून जेवली.

उमाकांत सगळ्यांसमोर कनकाला चोर म्हणाले. दुकानदाराशी संगनमत केले, असेही म्हणाले. कनकाच्या हातात आमटीचे भांडे होते. तिने ती पंगत पुरी वाढली.

मी दिरांना विचारले, "कशावरून?" ते म्हणाले, "वहिनी, मशीन खोटं बोलत नाही. नाव हिचंच आहे." मी म्हटले, "मशीन बोलतच नाही. सांगितलं तेवढं करतं. तुमच्यापेक्षा बरं आहे."

शनिवारी साडेअकरा ते दोन कनका माझ्या शेजारी उभी राहून वाढत होती. एकशे चाळीस माणसांनी पाहिले आहे. त्या वेळात अकरा ऑर्डरी गेल्या. वरच्या खोलीला कुलूप होते आणि चावी उमाकांतच्या जानव्याला असते. हे त्यांना माझ्यासमोर विचारावे.

आज दुपारी मी दर्शनला वही आणि ऑर्डरींची यादी घेऊन इथे बोलावले. चोवीस ऑर्डरी त्याने वाचून दाखवल्या. एकही दोन हजारांच्या वर नाही. एकोणीसशे नव्वद, एकोणीसशे ऐंशी, अशा. माझा शब्द त्या प्रोग्रामने पाळला. वहीत इंग्रजीत काय लिहिले आहे ते मी विचारले. तो म्हणाला, "ईच टाइम, अक्का. दर खेपेला दोन हजार. तुम्ही 'एका वेळेला' म्हणालात की."

खाणावळीत वेळ म्हणजे जेवण. सकाळची वेळ, रात्रीची वेळ. बावीस वर्षे मी दुसऱ्या अर्थाने हा शब्द बोललेली नाही. दर्शन हापिसात वाढलेला, त्याने खेप धरली. मग एका खेपेला दोन हजार आणि खेपा किती, याला हद्दच नाही. मी त्याला म्हटले, "खेपांची मोजणी कोण करणार होतं, तुझा आजा?" मुलगा वाईट नाही.

चूक शब्दाची आहे आणि शब्द माझा आहे. माल मी ठेवून घेते, डाळ कुजत नाही. यापुढे हद्द सबंध दिवसाची राहील, ती भरली की प्रोग्राम थांबेल आणि मी हो म्हटल्याशिवाय पुढे जाणार नाही. हे दर्शनने इथे बसूनच तमिळ, इंग्रजी आणि मराठी तिन्हीत लिहिले आहे. तिन्ही मी त्याच्याकडून मोठ्याने वाचवून घेतले आहे.

उमाकांतनी अर्ज मागे घ्यावा. चोर म्हणाले ते जेवणाऱ्यांसमोर, तेव्हा नाही म्हणायचे तेही जेवणाऱ्यांसमोर, आज रात्रीच्या पंगतीला. तेही इथेच आहेत, आत्ता भिंतीकडे बघत 'बरं' म्हणाले आहेत. राणोजीरावांनी ऐकले आहे.

राणोजीरावांनी हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. 'एका वेळेला' या शब्दांपाशी मी त्यांना थांबवले आणि या शब्दांचा अर्थ शेवटी सहीच्या वर लिहायला लावला. बाकी मी सांगितले तसेच उतरले आहे. कनका बाकावरून उठेपर्यंत मी सही केली नाही. आता ती उठली आहे. सव्वापाच झाले, कणीक मळायची आहे.

एका वेळेला, म्हणजे एका जेवणाला.

सही: सईबाई माधवराव ढमाले
समक्ष: राणोजीराव, हेड कॉन्स्टेबल