कापूस भिजला की

बादली खाली ठेव. खाली ठेव म्हणते ना, सूनबाई — आणखी एक थेंब पडला या कोंबड्यांच्या अंगावर तर तीच बादली तुझ्या डोक्यावर — हसू नकोस, मी हसायच्या मूडमध्ये नाहीये. चांगलं करायला गेलीस, हो, दिसतंय की. तापल्या बिचाऱ्या म्हणून घातलीस आंघोळ. आणि मी मेली खाली घोरत पडलेय! उठवायचं होतंस मला. झोपू दे म्हणालीस? माझ्या झोपेचं काय लोणचं घालायचंय? अगं, या साध्या कोंबड्या आहेत का? साध्या कोंबडीचं पीस म्हणजे कौल — पाणी पडलं, घरंगळलं, संपलं. यांच्या अंगावर पीस आहेच कुठं? पिंजलेला कापूस नुसता, डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत. आणि कापूस भिजला की काय होतं? गोधडी होते, ओली, जड. कोरड्या हवेत ती वाळता वाळता गारवा तरी देईल. इथं? सकाळी दोरीवर टाकलेला परकर संध्याकाळी दमटच हाताला लागतो, तिथं या कधी वाळायच्या? ओल्या गोधडीत गुंडाळून वाफेवर ठेवलंस तू त्यांना, वाफेवर!

दे तो टॉवेल. दाबायचं, चोळायचं नाही — चोळलं की गुंता होतो आणि गुंत्यात पाणी बसतं. असं. पोटाखालून आधी. हिच्या पोटाखालची लव मी कातरली होती म्हणून वाचली ही, बघ, कातडीला वारा लागतोय. डोळ्यांवरची झुलपंही कातरली तेव्हा तुझा नवरा काय म्हणाला? आई, कोंबड्यांच्या प्रदर्शनात काय दाखवणार आता, टक्कल? म्हटलं, प्रदर्शनात मेलेली दाखवू का? बस म्हटलं गप्प. मला कुणी शिकवलं नाही हे. जनावरांचा डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाला, आजी, हा पक्षी या हवेतला नव्हे, देऊन टाका. मी म्हटलं, मीही या हवेतली नव्हे, मला कुणाला देता? आणि जगवल्या. ऊन चढायच्या आत दाणा, मग उतरेपर्यंत काही नाही, कारण पचवायला लागली की कोंबडी आतून तापते. गोणपाट वरती टांगायचं, खाली पातळ वाळू. ऊन तापलं की उथळ घमेल्यात गार पाणी — बर्फाचं नाही, गार — आणि त्यात फक्त पाय. पायातून उतरतो ताप. आणि बोट बुडवून तुऱ्याला लावायचं, बस्. अंगाला नाही. अंगाला कध्धी नाही!

ती टोपीवाली बघू नकोस, ती धापा टाकतेय, टाकू दे. चोच उघडी, पंख फाकलेले — ती भांडतेय अजून उन्हाशी. धापा टाकणारीची मला भीती नाही. धापा थांबतात आणि एकदम शहाण्यासारखी गप्प होते ना, मान खाली घालून, तिची मला भीती. ही ठमी बघ. ही गप्प आहे. ठमे, ए ठमे — ये इकडं, घाल पाय. असं. शाबास. मरू नकोस गं बाई, तुझ्यावर अजून ओरडायचंय मला.

आणि पाणी तरी कुठलं घेतलंस? गच्चीवरच्या टाकीचंच ना? भर दुपारी त्या टाकीत हात घालून बघितलास कधी? अंडी उकडतील. काय? टाकीचं नाही? मग? — खालून? न्हाणीघरातून भरून आणलंस? जिन्यानं? अगं, पोट बघ स्वतःचं! तुला तांब्या उचलू देत नाही मी आणि तू बादल्या — बादल्या म्हणजे ही एक नव्हे, कोपऱ्यात दुसरीही दिसतेय मला. अर्धी अर्धी आणली म्हणे. अर्धी आणली म्हणजे जिना अर्धा होतो का? बाळाला कडेवर घ्यायच्या आधीच त्याला हमाली करायला लावतेस.

थांब. हा वारा कुठून येतोय? पंखा आहे? खुराड्यामागे कुणी लावला पंखा? निळ्या पात्यांचा — हा तुझ्या खोलीतला आहे. म्हणजे तू दुपारभर पंख्याशिवाय — त्या खोलीत? पत्र्याखालच्या त्या खोलीत? का? कुणी सांगितलं होतं तुला?

मी?

मी कधी — हां. सकाळी. "महाराणी पंख्याखाली आणि माझ्या पोरी भट्टीत." बोलले असेन. बोलले. अगं, माझ्या तोंडाला लागतेस कशाला तू? हे तोंड रोज असंच चालतं, इतकी वर्षं ऐकणारं कुणी नव्हतं म्हणून कोंबड्यांपुढं चालवलं, त्या बिचाऱ्या मनावर घेत नाहीत. तूही घेऊ नयेस. मी 'माझ्या पोरी' म्हटल्यावर — तू त्यातली नाहीस असं वाटलं होय तुला? मग मी दुपारची तुझ्या दाराबाहेर चटई टाकून का पडते? गार फरशी म्हणून? आज तिथेच पडले होते मी आणि तू मला ओलांडून पंखा घेऊन गेलीस, हो ना? ऐकायला पडते मी, श्वास कसा चाललाय ते. तुझा नवरा नोकरीच्या गावाहून फोनवर म्हणतो, आई आहे म्हणून मी निर्धास्त. निर्धास्त! मला कोंबडीचं कळतं रे, बाळंतपणाचं काय कळतं? एकच झालं मला आणि ते कसं झालं ते देवाला माहीत. तुला कळ आली तर मी काय करणार, या प्रश्नानं माझ्या तोंडचं पाणी पळतं म्हणून मी दिवसभर कोंबड्या कोंबड्या करते, समजलं? हे त्याला सांगू नकोस. बोल की काहीतरी. उलटून तरी बोल, तुला येतं चांगलं.

सूनबाई?

इकडं बघ. माझ्याकडं. मघाशी घामानं डबडबली होतीस, आता कपाळ कोरडं कसं? तापलंय गं कपाळ. मान वर कर. काय गं — शहाण्यासारखी काय बसलीस अशी मान खाली घालून? उठायचं नाही. या गोणपाटाखाली सावलीत सरक, भिंतीला टेक. ओ नर्सबाई! खालच्या मजल्यावर आहेत त्या, घरीच असतात यावेळी — नर्सबाई ओ, वर या, धावत या, गाडी बोलवा! येतील. ऐकलं त्यांनी, दार वाजलं. पंखा तुझ्याकडं वळवते. ठमे, सरक, तू जगलीस, आता जागा दे. घाल पाय घमेल्यात. दोन्ही. गार आहे ना? ओला पदर मानेला लावते — तू कापसाची नाहीस, तुला चालतं. बाळ हलतंय का? मान हलवलीस ती हो म्हणून की अशीच पडली? डोळे मिटायचे नाहीत. माझं ऐकून कान किटले असतील, मला माहीत आहे, मग सांग तसं. शिव्या घाल, पंख्याचं माझ्या तोंडावर मार, म्हण की ही म्हातारी आयुष्यात कधी गप्प बसली नाही — हे बघ, बसते मी गप्प, आता तू बोल.