नऊ गाणी, ऐंशी मेंढरं

येडू : मार्कलिस्ट राहू दे बाजूला. आदी मला सांग, माझ्या मेंढरांना तू काय केलंयस?

कुमार : काय झालं तात्या? जरा मोठ्यानं बोला, हितं आवाज लय हाय.

येडू : कॉलेजात एवढा आवाज? ढोल कोण बडवतंय?

कुमार : ते... गॅदरिंगची तयारी चाललीया.

येडू : आज आयतवार हाय, कुमार.

कुमार : मेंढरांचं काय म्हणत होता तुमी?

येडू : केराबाईच्या डाळिंबात शिरल्यात. ऐंशीच्या ऐंशी. ठिबकवाला फाटक उघडं टाकून गेला. मी शेजारच्या पडीक रानात वाघर लावत हुतो. जाळी ताणून मागं बगतो तर रानात एक मेंढरू न्हाय.

कुमार : मग हाळी मारायची की.

येडू : अर्धा तास झाला मारतोय. ‘हाऽर्र, यीव यीव यीव’ करून घसा बसला. मान वर करत्यात, मी मतं मागायला आल्यागत माझ्याकडं बगत्यात, आन् पुन्यांदा पाल्यात तोंड घालत्यात.

कुमार : चार महिन्यांनी बघत्यात न्हवं तुमाला. ओळख विसरली असतील.

येडू : आपरेशन माझ्या डोळ्यांचं झालं, मेंढरांच्या न्हाय. चाळीस वरसं राखली. दसऱ्याला तुझ्या हाती दिली, आन् आज पैल्याच दिशी ही तऱ्हा. तुझी काकी म्हणती, कुमार गाणं लावून बोलवायचा. कंचं गाणं?

कुमार : काकीनं सांगितलं व्हय?

येडू : गाणं बोल! केराबाई माळशिरसला बाजाराला गेलीया. सहाच्या यष्टीनं उतरंल. लेंडीखत पडावं म्हणून तिनं हौसेनं आपली मेंढरं रानात बसवायला बोलावली, आन् आपुण तिची बागच खाल्ली? चाळीस वरसांत माझ्या मेंढरानं कुणाचं पान तोडलं न्हाय. साडेपाच वाजून गेल्यात, पोरा.

कुमार : चौथं.

येडू : काय चौथं?

कुमार : चौथं गाणं. ‘वळून बघ ना’. त्याचं असं हाय तात्या, ‘रिकामी गिरणी’ म्हणून सोलापूरचा नवा बँड हाय. दोन गिटार, एक बेस, आणि ड्रमवर पूर्व भागातल्या एका यंत्रमागवाल्याची पोरगी. काय वाजवते! त्यांचा पहिला अल्बम आलाय, ‘भोंग्यानंतर’. रॉक हाय, पण नुसती आदळआपट न्हाय. चाल हाय त्याला. एकदा ऐकलं की तीन दिवस डोक्यातनं जात न्हाय. आणि ती दुसरी गिटार आहे ना, ती लगेच येतच न्हाय. पहिलीला बोलू देते, मग हळूच मागनं...

येडू : कुमार. डाळिंब.

कुमार : हां, डाळिंब. तर अल्बम ओळीनंच ऐकायचा असतो. पहिल्यापासनं नवव्यापर्यंत. मधलंच एखादं उचलून ऐकायचं म्हणजे भाकरीचा पोपडा खायचा आणि बाकीची टाकून द्यायची. ते मला पटत न्हाय. मग मी रोज ओळीनं लावायचो. सकाळी वाघर सोडली की पहिलं. माळावर पोचलो की चौथं. त्यात एका जागी गिटार अशी काय ओढलीया, की ती आली की माझा जीव खूश व्हायचा. मग त्या खुशीत मी मेंढरांना मूठ मूठ मका टाकायचो. रोज. ती वाजली की पळत यायला लागली.

येडू : म्हणजे माझ्या मेंढरांना तू सवय लावलीस.

कुमार : मी कुठं लावली? त्यांना आवडलं ते.

येडू : आता हितं लाव. ह्या फोनात.

कुमार : गाणी माझ्या ह्याच फोनात हायत, तात्या. बोलता बोलता लावलं तर तिकडं ऐकू जात न्हाय. आणि तो छोटा स्पीकर बी माझ्याजवळच हाय.

येडू : कॉलेजात स्पीकर कशाला नेलास?

कुमार : सही घ्यायला.

येडू : मार्कलिस्टवर?

कुमार : स्पीकरवर. खरं सांगू का? मार्कलिस्ट मी गेल्या महिन्यातच आणलीया. आज ‘रिकामी गिरणी’चा कार्यक्रम हाय. गिरणीच्या जुन्या गोदामात, सहाला. मी पार पुढं, दोरीला चिकटून उभा हाय. तुमी सोडलं नसतं म्हणून...

येडू : मार्कलिस्टीत काय हाय?

कुमार : ते घरी आल्यावर. तात्या, थांबा, थांबा! स्टेजवर आले ते! आवाज तपासत्यात. मी फोन वर धरतो. तुमी तुमचा फोन मेंढरांकडं करा.

येडू : केला. वाजतंय. आरं कान टवकारलं की! थांबली. पाला खायची थांबली!

कुमार : बघा! म्हणलं न्हवतं? आली का?

येडू : बसली.

कुमार : काय?

येडू : खाली बसली. ऐंशीच्या ऐंशी, झाडांच्या बुडात पाय दुमडून. बंड्या एडक्यानं तर डोळं मिटलं.

कुमार : अरे देवा. नववं वाजवलं त्यांनी. नववं आलं की मी मेंढरं बाभळीखाली बसवायचो.

येडू : बरं झालं. केराबाई आली की म्हणंन, बाई, तुझ्या बागेत पाव्हणं इसावा घेत्यात.

कुमार : तपासणी संपली वाटतं. गेले आत. आता तुमालाच म्हणावं लागंल, तात्या.

येडू : काय म्हणावं लागंल?

कुमार : चौथं गाणं. तोंडानं.

येडू : मी? येडू म्हाताऱ्यानं बांधावर उभं राहून गाणं म्हणायचं?

कुमार : किती वाजले?

येडू : सांग कसं म्हणायचं.

कुमार : आधी गिटार येते. ट्यँऽऽव, ट्यँव ट्यँव. नाकातनं काढा.

येडू : ट्यँव.

कुमार : ओढा अजून. रडवेली पाहिजे.

येडू : रडवेलाच झालोय मी. ट्यँऽऽव, ट्यँव ट्यँव.

कुमार : झकास! आता, ‘वळून बघ ना, दिवा लावलाय दारात’.

येडू : वळून बग ना... कुमार, एडक्याला कसं सांगू रं, दिवा लावलाय दारात?

कुमार : एडक्याकडं बघू नका. डोळे मिटा. तो गाणारा बी मिटतो.

येडू : वळून बग ना ऽऽ, दिवा लावलाय दारात ऽऽ...

कुमार : काय झालं?

येडू : एक उठलं.

कुमार : हां!

येडू : माझ्याकडं पाठ केली, आन् पुन्यांदा बसलं.

गोजाबाई : अवो, काय झालं? बांधाच्या पलीकडनं ऐकलं, मला वाटलं कुत्र्याचं पाय आडकलं कुंपणात. पळत आले. आन् ही मेंढरं डाळिंबात कशी?

येडू : तुझ्या पुतण्याला इचार. हा घे फोन.

कुमार : काकी, मी कुमार. चौथं गाणं पाहिजे, बाकी काय विचारू नको.

गोजाबाई : ‘वळून बघ ना’ व्हय? मग ह्यांनी सुरात पकडाया पायजे हुतं. गिटार खालनं वर जाती तितं. ह्यांनी वरनं खाली आणली.

कुमार : तुला येतंय?

गोजाबाई : रोज सकाळी दात घासताना लावतूस की. मी तालावर भाकरी थापते. पाचव्याला भाकरी लई पातळ हुती. नऊच्या नऊ येत्यात मला. सातवं तेवढं आवडत न्हाय, पोरगं उगंच वरडतंय.

कुमार : काकी! सातवंच तर सगळ्यात भारी हाय! आधीची सहा गाणी त्या एका ओरडण्यासाठी हायत. ते काढलं तर आठवं कळणारच न्हाय तुला!

गोजाबाई : मला आठवं कळतंय सातव्याबिगर.

कुमार : ओळीनं ऐकतेस का पण? मन लावून?

येडू : आरं यष्टी यायची येळ झाली! भांडताय कशाला?

गोजाबाई : व्हा बाजूला. फाटकातनं सरका, तुमच्या अंगावरनं जातील.

(गोजाबाई गाते. ओळ पुरी व्हायच्या आत घुंगरं आणि खुरं फोनभर वाजू लागतात.)

कुमार : आली? काकी, आली का?

गोजाबाई : माझ्या लुगड्याला झोंबल्यात मेल्या. मका कुटनं आणू आता? चल गं, चल वाघरीत.

कुमार : तात्या! बघितलं? हा बँड मोठा होणार, मी सांगतो तुमाला. तात्या?

येडू : मोजतोय. एकोणऐंशी.

कुमार : तुमी असं बारीक का बोलताय?

येडू : काय न्हाय. माझ्या आज्जानं शिकवलेली हाळी हुती ती. आंधारात मारली तरी मेंढरू यायचं. आन् आता एका ट्यँवला समदी गेली. वाईट वाटलं रं. खोटं कशाला बोलू.

कुमार : चुकलं माझं, तात्या.

गोजाबाई : ते चुकलंबिकलं मग. ठकी राहिलीया आत. बगा तिकडं, तिसऱ्या ओळीत. वळून बघ ना ऽऽ... ठके, आगं ए!

कुमार : उठली का?

गोजाबाई : कान बी हलवला न्हाय. कशी फतकल मारून बसलीया.

कुमार : तिला त्या गाण्यावर मका कधी मिळालाच न्हाय, काकी. लंगडते म्हणून मी ठकीला माळावर नेलंच न्हाय कधी. चार महिने ती घरीच होती, तात्यांच्या खाटंजवळ.

गोजाबाई : मग अवो, तुमीच बोलवा की. मगाशी कळपात आडकली हुती, आता एकलीच हाय.

येडू : बसलाय माझा घसा.

गोजाबाई : बसू दे. मारा हाळी.

येडू : हाऽर्र... यीव, यीव, यीव...

कुमार : काय झालं? काकी, सांग की! उठली का?

गोजाबाई : उठली. निघाली. तीन पायांवर पळतीया रं. बाकीच्या मेंढरांकडं बघितलं बी न्हाय, नीट ह्यांच्याकडं. आता ह्यांच्या धोतरात तोंड खुपसून उभी हाय. आन् ह्यांच्या डोळ्याला पाणी.

येडू : आपरेशन झालेला डोळा हाय, वारं लागलं. फाटक लाव गं तू. ऐंशी भरली.

कुमार : आणि केराबाईला काय सांगायचं? पाला किती खाल्ला?

गोजाबाई : पाला बऱ्यापैकी खाल्लाय. पर केरा परवाच म्हणत हुती, बहार धरायचाय, पानं गाळाया औशिद मारायचंय म्हणून. तिचं अर्धं काम झालं. मी सांगते तिला, आमची मेंढरं औशिदापरास बरी.

येडू : तसं न्हाय सांगायचं. मी सांगंन खरं काय ते. माझं नाव हाय. हसंल आन् गप बसंल ती.

कुमार : तात्या, सहा वाजत आले. सगळे ओरडायला लागलेत हितं. मी ठेवू का फोन? राती उशिरा यीन, आणि मार्कलिस्ट दावीन. दोन विषय राहिल्यात.

येडू : ठेवू नगंस.

कुमार : रागावलाय?

येडू : राग उद्या काढीन. आता कार्यक्रम हाय न्हवं? पैल्यापासनं ऐकव. ओळीनंच ऐकायचा आसतो म्हणतूस की.

कुमार : पण पहिलं लागलं की मेंढरं उठून चालाय लागतील.

गोजाबाई : चालू देत वाघरीतल्या वाघरीत. जाळी पक्की बांधलीया.

येडू : मला न्हाय ऐकायचं, आदीच सांगतो. मेंढरांसाठनं म्हणतोय.

कुमार : बरं, मेंढरांसाठी. लाइट गेले! आले, आले ते! ऐका आता, बोलू नका कुणी!

येडू : कुमार.

कुमार : काय तात्या?

येडू : फोन जरा वर धर. ठकीला ऐकू जाईना.